बाइकच्या इंजिनाची किट कार: पुण्याच्या उन्हात कोणतं ऑइल, किती आणि का

बाइकमध्ये वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं इंजिन किट कारमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बांधलेल्या गाडीत, बसवलं की पहिल्याच एप्रिल-मेमध्ये बेअरिंग खातं, नाहीतर क्लच सुटायला लागतो. इंजिन तेच असतं, ऑइलही बहुतेक वेळा तेच असतं. बदललेलं असतं ते ऑइलवरचं काम. हा बदल लक्षात न घेता दुकानात जाऊन ‘चांगलं महागातलं फोर-टी (फोर-स्ट्रोक बाइकचं ऑइल) द्या’ म्हणणं हीच नव्या लोकांची सर्वांत मोठी चूक आहे.

हे मार्गदर्शन पुणे परिसरात कॉलेजच्या टीममध्ये किंवा घरच्या शेडमध्ये गाडी बांधणाऱ्यांसाठी आहे. इथे सर्वांत सहज मिळतं ते चाकणला बनलेल्या केटीएम ३९० बाइकचं जुनं ३७३ सीसी सिंगल सिलिंडर इंजिन. त्याखालोखाल होंडा सीबीआर ६०० किंवा सुझुकी हायाबुसासारखी जपानी चार सिलिंडरची इंजिनं येतात. घरी बांधलेली गाडी आरटीओत नोंदवणं हा निराळा आणि अवघड विषय आहे, म्हणून इथे गाडी फक्त ट्रॅकवर किंवा बंद मैदानात चालते असं धरलं आहे.

कारमध्ये गेल्यावर ऑइलचं काय होतं

पहिली गोष्ट वजनाची. ३९० बाइक स्वारासकट सव्वादोनशे-अडीचशे किलो भरते. त्याच इंजिनाची फॉर्म्युला स्टुडंट (कॉलेजच्या टीमच्या स्पर्धेची) कार चालकासकट तीनशेच्या पुढे सहज जाते आणि दोन सीटची किट कार सहाशेलाही पोचते. तेवढं वजन ओढायला थ्रॉटल जास्त वेळ पूर्ण उघडा राहतो. क्लचवरचा भारही त्याच प्रमाणात वाढतो.

दुसरी हवेची. बाइकचं इंजिन समोरच्या वाऱ्यात उघडं असतं आणि केसिंगवरून वाहणारी हवा बरीच उष्णता घेऊन जाते. कारमध्ये तेच इंजिन सीटच्या मागे, फायरवॉलच्या पलीकडे कोंडलेलं असतं. रेडिएटर पुरेसा असला तर कूलंट ९५ अंशांवर शांत बसतो आणि त्याच वेळी ऑइल १३० ला पोचलेलं असू शकतं. कूलंटच्या काट्यावर विसंबून ऑइल ठीक आहे असं मानू नका.

तिसरी वळणाची. बाइक वळणात झुकते, त्यामुळे संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भांड्यातलं, ऑइल तळाशीच राहतं. कार झुकत नाही. ताट कललं की आमटी एका काठाला जाते, तसं ऑइल संपच्या एका भिंतीवर चढतं. वळणातला जोर १ जी असेल तर ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरका होतो, १.५ जीला साधारण ५६ अंशांनी. पिकअपचं, म्हणजे पंपाच्या ऑइल शोषणाऱ्या नळीचं, तोंड उघडं पडलं की पंप हवा ओढतो.

आणि चौथी गोष्ट बाइकमध्येही होतीच: या इंजिनांमध्ये क्रँक, गिअरबॉक्स आणि ओला क्लच हे सगळं एकाच ऑइलमध्ये चालतं. म्हणून कारचं ऑइल इथे चालत नाही आणि म्हणूनच बाटलीचं लेबल नीट वाचावं लागतं.

पायरी १: आधी जासो, ग्रेड नंतर

बाटलीच्या मागच्या बाजूला चौकटीत जासोचं चिन्ह असतं. त्यात एमए, एमए१, एमए२ किंवा एमबी लिहिलेलं असतं. हे वर्गीकरण जपानच्या जासो टी ९०३ या मानकातून आलं. ते मानक १९९८ चं आहे आणि एमए१, एमए२ हे पोटवर्ग त्यात २००६ मध्ये आले. त्यात प्रत्यक्ष क्लच प्लेटवर ऑइल तपासून घर्षण किती टिकतं ते मोजतात. एमए२ म्हणजे सर्वांत जास्त पकड, एमबी म्हणजे सर्वांत कमी.

किट कारसाठी फक्त एमए२ घ्या. नुसतं एमए लिहिलेलं ऑइल बाइकमध्ये चालून जाईल, पण दुप्पट वजन ओढणाऱ्या क्लचला पकडीचा प्रत्येक अंश लागतो.

एमबीपासून सांभाळून. पुण्यात स्कूटर उदंड, त्यामुळे कुठल्याही दुकानात एमबीच्या १०डब्ल्यू-३० (हा दाटपणाचा आकडा, म्हणजेच ग्रेड) बाटल्या पुढेच मांडलेल्या असतात आणि त्यांच्यावरही ‘फोर-टी’ असंच लिहिलेलं असतं. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिथे हे निसरडं ऑइल योग्य आहे. तुमच्या क्लचमध्ये गेलं तर चौथ्या-पाचव्या गिअरला आरपीएम चढेल आणि गाडी जागेवरच राहील.

कारच्या ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० ऑइलवर ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ किंवा इंधनबचतीचा शिक्का असेल तर ते लांब ठेवा. त्यात घर्षण कमी करणारी मिश्रणं असतात, बऱ्याचदा मॉलिब्डेनमची. शिवाय उत्प्रेरक कन्व्हर्टर वाचावा म्हणून त्यातलं फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवलेलं असतं. कॅम आणि गिअरचे दात वाचवणारं झिंक-फॉस्फरसचं संयुग त्यामुळे तिथे कमी असतं.

डिझेलच्या १५डब्ल्यू-४० ऑइलचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही: घर्षण कमी करणारी मिश्रणं त्यात सहसा नसतात आणि ते दमदार असतं. पण त्याची राख जासोच्या १.२ टक्के मर्यादेपेक्षा जास्त असू शकते. ती प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. बाटलीवर एमए किंवा एमए२ स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. तसंही एमए२ चं चांगलं ऑइल मिळत असताना हा खटाटोप कशाला?

वरून घालायच्या ‘ट्रीटमेंट’ बाटल्या, मग त्या टेफ्लॉनच्या असोत की मॉलीच्या, ओल्या क्लचमध्ये कधीही ओतू नका.

पायरी २: तापमान मोजा, तोवर ग्रेड ठरवू नका

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. ग्रेड ठरवायचं ते संपमधल्या तापमानावरून. बाहेर ऊन किती आहे यावरून ते कळत नाही. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो, तो जरूर बघा, पण तो बाइकच्या वाऱ्यात चालणाऱ्या इंजिनासाठी काढलेला आहे.

सेन्सर संपमध्येच बसवा. मधोमध भोक पाडून आटे केलेला ड्रेन बोल्ट बाजारात मिळतो, त्यात सेन्सर बसतो. मात्र तो गाडीच्या तळाला सर्वांत खाली येत असेल तर त्याला आडोसा द्या, नाहीतर पहिल्याच खडीत तो तुटेल आणि सगळं ऑइल ट्रॅकवर सांडेल. इन्फ्रारेड गनने केसिंग मोजून भागवू नका. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती गन खूप कमी आकडा दाखवते. दुसरा इलाज नसेलच तर केसिंगवर रुपयाएवढा ठिपका मॅट काळ्या रंगाने रंगवा आणि तिथे मोजा. तरीही आतलं ऑइल त्याहून गरम असणार हे धरून चाला.

दाबाचा सेन्सरही याच वेळी बसवा, मुख्य ऑइल गॅलरीवर, म्हणजे पंपातून बेअरिंगकडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटेवर. बाइकचा मूळ दिवा जेमतेम ०.२ ते ०.५ बारला पेटतो आणि १०,००० आरपीएमवर तो पेटेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. चेतावणीचा स्विच दीड ते दोन बारचा घ्या.

इथे एक सापळा आहे. जपानी इंजिनांवर ही जागा बहुधा १/८ इंच बीएसपी टेपर आट्यांची असते आणि दुकानात मिळणारे बरेचसे सेन्सर १/८ एनपीटी असतात. पहिल्याला इंचाला २८ आटे, दुसऱ्याला २७. दोन-तीन फेरे सहज बसतात आणि मग अडतं. पान्याने जोर लावला की केसिंगला तडा जातो. अडॅप्टर काही रुपयांत मिळतो, केसिंग नाही.

आता चाचणी. एप्रिलच्या दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, पारा ३८ च्या पुढे असताना, गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोराने चालवा. डेटा लॉगरवर आरपीएम, ऑइलचं तापमान आणि दाब एकत्र नोंदवा. तापमान चढत जाऊन एका आकड्यावर स्थिर होतं, तोच तुमचा आकडा. पाच मिनिटांच्या दोन फेऱ्यांत तो कधीच कळत नाही, कारण ऑइल कूलंटपेक्षा हळू तापतं. कोइम्बतूरला फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धा जानेवारीत होते, म्हणून काही टीम चाचणीही थंडीतच उरकतात. त्या मोजमापावर पुण्यातला मे काढता येत नाही.

पायरी ३: आकड्यावरून ग्रेड

१०डब्ल्यू-४० मधला ४० म्हणजे १०० अंशांना ऑइल किती दाट राहतं त्याचा पट्टा: १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक). ५० चा पट्टा १६.३ ते २१.९. पण तुमचं ऑइल १०० वर थांबत नाही, म्हणून पुढचं गणित बघा. १०० अंशांना १४ सेंटिस्टोक असलेलं एक सर्वसाधारण १०डब्ल्यू-४० १२० अंशांना ९ च्या आसपास येतं आणि १३० ला पावणेआठवर. १०० ला १८ असलेलं १५डब्ल्यू-५० १२० ला जवळपास १२ असतं आणि १३० ला १० च्या जरा खाली. म्हणजे ४० वरून ५० वर गेल्याने साधारण १२-१३ अंशांची सवलत मिळते. एवढीच, पण पुण्याच्या उन्हाळ्यात तेवढीच कामाला येते.

तापमान १०५ च्या आत स्थिर होत असेल तर कंपनीने सांगितलेलं ग्रेडच ठेवा. जपानी इंजिनांना ते बहुधा १०डब्ल्यू-४० असतं, केटीएम ३९० ला मुळातच १५डब्ल्यू-५०. दाट घातलं म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज सोडा.

१०५ ते १२० च्या दरम्यान असेल तर ५० वर जा: १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५०. पुण्यातल्या बहुतेक किट कार याच पट्ट्यात येतात. मोटुल ७१०० सारखी एमए२ ऑइल या दोन्ही ग्रेडमध्ये मिळतात, तेव्हा शोधाशोध करावी लागत नाही.

१२० ते १३० मध्ये असेल तर चांगलं सिंथेटिक ५० हवंच आणि सोबत ऑइल कूलरही हवा. १३० च्या पुढे गेलात तर गाडी थांबवा. ते दुखणं बाटली बदलून बरं होणार नाही.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत सुरू होण्याचा. २०डब्ल्यू ऑइल उणे १५ अंशांना तपासतात. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे आठ-दहा अंश म्हणजे कडाका, त्यामुळे २०डब्ल्यूने इथे काही अडत नाही. थंड सकाळी तापमान ६० होईपर्यंत चार हजार आरपीएमच्या वर जायचं नाही, इतकं पाळलं तरी पुरे.

उलट तो आकडा फार लहान असणं इथे तोट्याचं ठरू शकतं. ५डब्ल्यू-५० सारखा रुंद पल्ला गाठायला साध्या बेस ऑइलमध्ये लांब साखळ्यांचे पॉलिमर घालावे लागतात. गिअरचे दात त्या साखळ्या कातरतात. कारमध्ये गिअरबॉक्सला वेगळं ऑइल असतं म्हणून तिथे हे फारसं जाणवत नाही, बाइकच्या इंजिनात मात्र प्रत्येक थेंब दातांतून जातो. काही तासांतच १४ चं १०डब्ल्यू-४० साडेबाराच्या खाली, म्हणजे ३० ग्रेडमध्ये उतरू शकतं. बाटलीवर ४० लिहिलेलं असतं आणि संपमध्ये ३० फिरत असतं. गिअर खडबडीत पडायला लागणं, मध्येच खोटा न्यूट्रल लागणं ही त्याची पहिली खूण. म्हणून दोन आकड्यांमधलं अंतर कमी असलेलं ऑइल निवडा. पीएओ किंवा एस्टर या सिंथेटिक बेसच्या महागड्या ऑइलना पॉलिमर कमी लागतात, त्यांच्याबाबत ही अट सैल करता येते.

‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांवर जाऊ नका. ग्रुप थ्री, म्हणजे खनिज तेलावर जास्त प्रक्रिया करून केलेल्या बेसवरही तेच लिहिलेलं असतं. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या ऑइलचं टेक्निकल डेटा शीट काढा आणि दोन ओळी बघा. पहिली एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांना बेअरिंगसारख्या दाबाखाली ऑइल किती दाट राहतं ते. १०डब्ल्यू-४० साठी कमीत कमी ३.५, ५० ग्रेडसाठी ३.७. चांगल्या ५० चा आकडा बहुधा साडेचारच्या वर असतो. दुसरी ओळ नोआक, म्हणजे २५० अंशांना तासाभरात किती टक्के उडून जातं. जासोची मर्यादा २० टक्के आहे. गरम चालणाऱ्या गाडीला १० च्या आतलं बघा. डेटा शीटच न देणाऱ्या कंपनीचं ऑइल या कामाला घेऊ नये.

मग सरळ ६० ग्रेड का नको? दाट ऑइल स्वतःच्या घुसळणीनेच जास्त तापतं, थंड असताना फिल्टरचा बायपास उघडून न गाळता पुढे जातं, त्यात अडकलेली हवा उशिरा सुटते आणि सिलिंडर हेडमधून खाली यायला वेळ लावतं. हा शेवटचा मुद्दा कारमध्ये घातक, कारण वळणात संपमध्ये आधीच ऑइल कमी असतं.

पायरी ४: दाब पडतो तो कुठे पडतो?

लॉगरवरची दाबाची रेघ नीट वाचता आली की निम्मे प्रश्न सुटतात. सरळ रस्त्यावर त्याच आरपीएमला दाब फेरीगणिक हळूहळू खाली येत असेल तर ऑइल तापून पातळ होतंय, तिथे ग्रेड आणि कूलर हा इलाज आहे. पण दाब सरळ रेषेत उत्तम आणि ठरावीक वळणातच अर्ध्या-एका सेकंदासाठी खड्ड्यात पडल्यासारखा खाली येत असेल, तर पिकअप उघडा पडतोय. जगातलं सर्वांत महाग ऑइल घातलं तरी तो खड्डा तसाच राहणार.

चार सिलिंडरच्या जपानी इंजिनांना खालून बोल्टवर सुटणारा संप-पॅन असतो, त्यामुळे इलाज सोपा. पॅनमध्ये पिकअपभोवती दीड-दोन मिलिमीटर पत्र्याचे अडथळे बसवायचे आणि त्यांना आतल्या बाजूलाच उघडणाऱ्या झडपा लावायच्या, म्हणजे ऑइल पिकअपकडे येतं पण परत बाहेर जात नाही. भोसरी एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याला ड्रॉइंग दिलं तर हे काम एका दिवसात होतं. पॅन उथळ केला असेल तर पिकअप आणि तळ यांत ६ ते ८ मिलिमीटर फट ठेवा. फट कमी पडली तर पंपाचा घास अडतो, जास्त ठेवली तर पिकअप लवकर उघडा पडतो. हायाबुसासारखं इंजिन स्लिक टायरवर पळवायचं असेल तर सरळ ड्राय संपचा, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवण्याचा, विचार करा.

३९० ला सुटा संप-पॅन नाही, केसिंग उभं दुभागलेलं आहे. तिथे हातात राहतं ते इतकंच: इंजिन बाइकमध्ये ज्या कोनात होतं त्याच कोनात बसवणं, लेव्हल काटेकोर ठेवणं आणि पायरी २ मधल्या दाबाच्या स्विचचा दिवा चालकाचं लक्ष राहील अशा जागी लावणं. इंजिन दोन-चार अंशही पुढे-मागे कललं तर काचेतली लेव्हल खोटी दिसते. तसं करावंच लागलं तर ऑइल मोजून भरा आणि नवी खूण रंगवून घ्या.

वळणात कमी पडू नये म्हणून तीनशे-पाचशे मिली जास्त भरायची पद्धत आहे. ते करताना क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस होतो का ते बघा. फेस झाला की दाब थरथरतो आणि ब्रीदरमधून (केसिंगमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर येतं. ते अडवणारा कॅच टँक लावलेला असावाच. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत तो कमीत कमी ९०० मिलीचा लागतो.

कूलर लावायचा असेल तर

ऑइल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये सँडविच प्लेट बसवून तिथून दोन होज काढायचे. होजचा आतला व्यास १० ते १२ मिलिमीटर हवा, त्याहून बारीक घेतलात तर दाब होजमध्येच खर्च होतो. सँडविच प्लेट ८० अंशांच्या आसपास उघडणाऱ्या थर्मोस्टॅटची घ्या. थर्मोस्टॅट नसेल तर पुण्याच्या थंडीत ऑइल साठ-सत्तरवरच राहतं आणि त्यातलं पाणी उडून जात नाही.

कूलर रेडिएटरच्या मागे लावू नका, तिथे त्याला आधीच तापलेली हवा मिळते. साइडपॉडमध्ये त्याला स्वतःचं तोंड द्या आणि मागून हवा बाहेर जायला वाट ठेवा. आत येणाऱ्या वाटेपेक्षा बाहेर जाणारी वाट मोठी असावी. उन्हाळ्यातल्या धुळीने त्याच्या पट्ट्या बुजतात. प्रत्येक सरावानंतर मागून पुढे हवा मारा.

पायरी ५: भरणं

केटीएम ३९० ला फिल्टरसह सुमारे १.७ लिटर लागतं. इतर इंजिनांचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. कूलर आणि होज ३०० ते ६०० मिली वेगळं घेतात, ते धरून बाटल्या आणा.

१. इंजिन पाच-सात मिनिटं चालवून ऑइल कोमट करा, मग बंद करून थांबा. एकदम गरम ऑइल हात भाजवतं, थंड ऑइल गाळ घेऊन निघत नाही.

२. गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या. आधी भरायचं झाकण सैल करा, मग ड्रेन बोल्ट काढा. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. बोल्टचं चुंबक असेल तर त्यावरचा लगदा बोटांत चोळून बघा. मऊ राखाडी लगदा चालतो, टोचणारे कण चालत नाहीत.

३. जाळीचा स्ट्रेनर असेल तर तो काढून पेट्रोलने धुवा. जाळीवर निळ्या-काळ्या सिलिकॉनच्या दोऱ्या दिसल्या तर कोणीतरी गॅस्केट पेस्ट सढळ हाताने लावली आहे. त्या दोऱ्या पिकअप बंद करतात.

४. फिल्टर प्रत्येक वेळी नवा. होंडा, यामाहा, सुझुकीच्या बऱ्याच स्पिन-ऑन फिल्टरना एम२० x १.५ चे आटे असतात आणि काही छोट्या कारचे फिल्टरही त्यावर बसतात. बसतो म्हणून लावू नका. बायपास कोणत्या दाबाला उघडतो ते वेगळं असू शकतं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइल लावा, टेकल्यावर डब्यावर लिहिलं असेल तेवढंच फिरवा.

५. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधला आकडा लावा. अॅल्युमिनियम केसिंगचे आटे ‘अजून थोडंसं’ म्हणतानाच जातात. बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याला लॉक-वायर घाला.

६. ठरलेल्या मापाच्या दोनशे मिली कमी भरा. प्लगच्या कॉइल सोडवून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, मध्ये अर्धा मिनिट थांबा. दाबाचा काटा उठला की मगच इंजिन सुरू करा. नव्या बांधणीनंतर ही पायरी चुकवली तर पहिल्या काही सेकंदांतच बेअरिंग कोरडं घासतं.

७. तीन मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबून लेव्हल बघा आणि वरच्या खुणेपर्यंत आणा. मग फिल्टर, ड्रेन बोल्ट आणि होजच्या जोडांवर पांढरा कागद फिरवा. डाग उठला की गळती कळते.

कधी बदलायचं

किलोमीटर विसरा, इंजिनाचे तास मोजा. नव्याने बांधलेल्या इंजिनाचं ऑइल पहिल्या सरावानंतरच काढा. पुढे ट्रॅकवरच्या गाडीला आठ-दहा तासांनी बदलणं योग्य. एकदा जरी तापमान १३५ ला गेलं तरी तास न बघता लगेच काढा. स्पर्धेच्या आधी ताजं ऑइल घालून किमान अर्धा तास चालवून बघा. ट्रॅकवर पोचल्यावर पहिल्यांदा नवीन ब्रँड ओतणं टाळा.

काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. चुंबकाला चिकटणारे कण गिअरचे किंवा रिंगचे. न चिकटणारी तांबूस किंवा चंदेरी चकाकी बेअरिंगची. ती दिसली तर इंजिन सुरू करू नका, उघडा. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर मॅपिंग जास्त रिच आहे (पेट्रोल जास्त सोडलं जातंय) किंवा इंजेक्टर गळतोय. पेट्रोलने पातळ झालेलं ५० कुठल्याही ४० पेक्षा वाईट.

क्लच सुटतोय की नाही हे चालकाच्या अंदाजावर सोडू नका. लॉगवर एकाच गिअरमध्ये आरपीएम भागिले वेग हा भागाकार बघा. तो स्थिर असला पाहिजे. पूर्ण थ्रॉटलला तो वाढत असेल तर क्लच घसरतोय. ऑइल बदलल्यावरच हे सुरू झालं असेल तर बाटलीवरचं जासो पुन्हा वाचा. एमए२ असूनही घसरत असेल तर स्प्रिंग आणि प्लेटची जाडी मोजा. चुकीच्या ऑइलमध्ये भिजलेल्या फ्रिक्शन प्लेट नुसतं ऑइल बदलून नेहमीच सुधारत नाहीत, बऱ्याचदा बदलाव्या लागतात.

खरेदीबद्दल थोडक्यात. नाना पेठेत सगळं मिळतं, तरी ऑइल कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिलावर घ्या. झाकणाची कडी शाबूत आहे ना, बाटलीवरचा बॅच क्रमांक पुसट तर नाही ना ते बघा आणि एका मोसमाचं ऑइल एकाच बॅचचं घ्या, म्हणजे लॉगमधले आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात.

पावसाळ्यात मैदानं बंद असतात आणि गाडी नुसती शेडमध्ये पाच मिनिटं सुरू करून ठेवली जाते. ते करू नका. थंड इंजिनात जळणातून होणारं पाणी आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि तापमान न चढल्याने तिथेच राहतं. झाकणाच्या आतून दह्यासारखा पांढरट थर दिसतो तो याचाच. जूनच्या सुरुवातीला ऑइल आणि फिल्टर बदला, ऑइल ९० अंशांपर्यंत तापेल एवढं एकदाच चालवा, एक्झॉस्ट आणि एअर फिल्टरचं तोंड कापडाने बंद करा आणि सप्टेंबर संपेपर्यंत स्टार्टरला हात लावू नका. काढलेलं जुनं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं. बंद कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या, त्यात कूलंट किंवा ब्रेक फ्लुइड मिसळू नका, नाहीतर ते घेत नाहीत.